मधला भाऊ

पिस्तूल हातातून निसटतं. फळवाल्याच्या दारात बाप गोळ्या खाऊन गाडीवर कोसळलाय, मारेकरी पळ काढताहेत, आणि गाडीतून धडपडत बाहेर आलेल्या मुलाला हातातलं हत्यार सावरता येत नाही. या हातातून त्या हातात, तिथून रस्त्यावर. मारेकरी दिसेनासे होतात. मग तो फुटपाथच्या कडेला टेकतो आणि बापाला हाका मारत रडू लागतो. डोक्यावर हॅट, अंगावर उंची ओव्हरकोट, चांगला थोराड पुरुष. रडणं मात्र लहान पोराचं.

‘द गॉडफादर’मधला हा प्रसंग जगाने मार्लन ब्रँडोच्या नावावर लिहून टाकलाय. रस्त्यावर घरंगळणारी संत्री सगळ्यांना आठवतात, ब्रँडोचं ते अवजड शरीर गाडीवरून खाली घसरतं तेही आठवतं. रडणारा मुलगा मुद्दाम आठवावा लागतो. पण चित्रपट पुन्हा पाहायला बसलं की डोळे त्याच्याकडेच जातात. बाप मरायला टेकला याचं दुःख तर आहेच, पण त्याच्याइतकीच मोठी आणखी एक गोष्ट त्याला त्याच क्षणी कळून चुकलेली आहे. आपल्याला जमलं नाही. ऐन वेळेला जमलं नाही, आणि हे आता घरातल्या प्रत्येकाला जन्मभर ठाऊक असणार. तोंडावर कोणी बोलणार नाही. फक्त यापुढे महत्त्वाचं काही ठरायचं असलं की त्याला कुणीतरी बाहेर पाठवेल, एखादी वस्तू आणायला.

हे सगळं सांगायला या मुलाचं काम करणाऱ्या जॉन कझालला एक वाक्यसुद्धा मिळालेलं नाही. मिळाली ती ‘पापा’ ही हाक.

त्याचे चित्रपट पाच. ‘द गॉडफादर’ 1972 सालचा, ‘द कॉन्व्हर्सेशन’ आणि ‘द गॉडफादर : भाग दोन’ 1974 चे, ‘डॉग डे आफ्टरनून’ 1975 चा आणि ‘द डिअर हंटर’ 1978 चा. पाचही चित्रपटांना सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्करचं नामांकन मिळालं, त्यातल्या तिघांनी ते पटकावलं. कझालचं नाव निघालं की पहिल्यांदा हाच हिशेब मांडला जातो. पाठोपाठ हळहळ येते, की त्याला स्वतःला मात्र एकदाही नामांकन नव्हतं. मला दोन्ही वाक्यांचा कंटाळा आलाय. हिशेब खरा आहे, हळहळही खोटी नाही, पण तो पडद्यावर नेमकं काय करत होता याबद्दल दोन्ही गप्प आहेत. शर्यतीत धावणाऱ्यांचे आकडे ठेवावेत. हा तर शर्यतीतून मागे पडलेल्यांचा नट होता, आणि मागे पडणं म्हणजे काय हे त्याच्याइतकं बारकाईने अमेरिकन पडद्यावर दुसऱ्या कुणी पाहिलेलं मला माहीत नाही.

बोस्टनजवळच्या रिव्हिअर गावात 1935 साली त्याचा जन्म झाला. बाप इटालियन वंशाचा, आई आयरिश वंशाची. नाटक शिकला बोस्टन विद्यापीठात, पीटर कॅस यांच्याकडे. मग न्यूयॉर्क, आणि नाटकवाल्यांच्या नशिबी असतात ती सगळी पोटाची कामं. फोटो काढणं, टॅक्सी चालवणं, स्टँडर्ड ऑइल कंपनीत निरोप्याची नोकरी. कागदपत्रं घेऊन या मजल्यावरून त्या मजल्यावर, या इमारतीतून त्या इमारतीत. त्याच कंपनीत आणखी एक निरोप्या होता, बुटका, तडफदार, डोळ्यांत आग असलेला. त्याचं नाव अल पचिनो. दोघांची दोस्ती जमली ती तिथे.

दिसायला कझाल म्हणजे किडकिडीत अंग, उंच कपाळ, त्यावरून मागे हटलेले केस, लांब नाक आणि खोल गेलेले डोळे. हॉलिवूडला अशा चेहऱ्याचा उपयोग एकच माहीत होता, नायकाच्या मागे कुठेतरी उभं करायचं. कझालने ती मागची जागा घेतली आणि तिथूनच काम केलं.

त्याचं नाव झालं ते एका भारतीयामुळे. हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं. इस्राएल होरोविट्झ यांचं नाटक होतं, ‘द इंडियन वॉन्ट्स द ब्राँक्स’. न्यूयॉर्कमधला एक बसथांबा, रात्रीची वेळ. गुप्ता नावाचा एक भारतीय माणूस उभा आहे. मुलाकडे, ब्राँक्सला जायचंय, आणि वाट चुकलीय. हिंदी येते, इंग्रजीचे दोन-चार शिष्टाचाराचे शब्द तेवढे पाठ. तिथे दोन टवाळ पोरं येतात. आधी थट्टा, मग अंगचटी, आणि बघता बघता मस्करीची कुस्करी होते. शेवटी वायर कापलेला टेलिफोनचा रिसीव्हर हातात धरून गुप्ता आपले तेच पाठ केलेले सभ्य इंग्रजी शब्द पुन्हा पुन्हा म्हणत राहतो. गुप्ता झाला होता कझाल, आणि त्या दोन टवाळांतला एक होता पचिनो. 1968 साली न्यूयॉर्कच्या ॲस्टर प्लेस थिएटरात हे नाटक झालं आणि दोघांनाही ओबी पारितोषिक मिळालं.

आज कुणी गोरा नट अशा भूमिकेत उभा राहिला तर बोंब होईल, आणि ती रास्तच असेल. 1968 मध्ये तो प्रश्न कुणाला पडला नसावा. अमेरिकेने भारतीयांसाठी दार किलकिलं केलं ते 1965 च्या कायद्याने. इथून डॉक्टर-इंजिनिअर मंडळींची तिकडे रीघ लागायची होती. त्या शहराला गुप्ता हा माणूस नवा होता, परका होता, आणि तो बोलतो त्यातलं अवाक्षर प्रेक्षागृहात कुणाला कळत नव्हतं. नटाच्या बाजूने विचार केला तर ही केवढी विलक्षण शाळा! तोंडातून शब्द येताहेत, पण अर्थ पोचवायचं काम त्यांच्यावर सोपवताच येत नाही. ते काम मानेने करायचं, खांद्याने करायचं, समोरच्याच्या ओठांकडे पाहून करायचं. समोरचा हसला की आपणही हसायचं, कारण तो कशाला हसला ते कळलेलं नाही आणि न हसणं धोक्याचं आहे. पुढे फ्रेडो कॉर्लिओनी, ‘गॉडफादर’मधला तो रडणारा मुलगा, भावांच्या बैठकीत नेमका असाच हसतो, क्षणभर उशिरा.

होरोविट्झ यांच्याच ‘लाइन’ या नाटकात त्याला पाहून ‘गॉडफादर’च्या लोकांनी फ्रेडोसाठी बोलावलं. तोवर तो पस्तिशी ओलांडलेला, पडद्यावर जवळपास अनोळखी होता.

नाटकवाल्यांच्या भाषेत ‘सीन खाणे’ म्हणतात. दुसऱ्याचं वाक्य चाललेलं असताना रुमाल काढायचा, चष्मा पुसायचा, पण प्रेक्षकाची नजर आपल्याकडे ओढायची. मोठमोठ्या नटांना हा मोह सुटत नाही, आणि खरं सांगायचं तर आपल्याला ते आवडतंही. टाळी तिथेच पडते. कझालच्या पाच चित्रपटांत असा एकही क्षण शोधून सापडत नाही. आणि तरी तो चौकटीत असला की समोरचा नट अधिक खरा दिसायला लागतो. पचिनोने अनेकदा सांगितलंय, की अभिनयाबद्दल आपण कझालकडून जेवढं शिकलो तेवढं कुणाकडूनच नाही. कझालचा मार्ग प्रश्नांचा होता. तो संथ होता. दिग्दर्शकाला, सोबतच्या नटाला, स्वतःला विचारत राहायचा. हा माणूस इथे का बसला? खुर्ची त्याने निवडली का? येण्याआधी तो कुठे होता? असल्या चौकशा संपत नसत, वेळापत्रक बोंबलायचं, आणि मग कॅमेरा सुरू झाला की त्या सगळ्या प्रश्नांपैकी एकही दिसायचा नाही. दिसायचा तो माणूस.

खुर्चीवरून आठवलं. ‘भाग दोन’मधला तो प्रसंग. ताहो सरोवराकाठचं घर, मागे मोठ्या काचा, काचांपलीकडे बर्फ. छायाचित्रकार गॉर्डन विलिसने तिथे उजेड असा ठेवलाय की माणसं अर्धी सावलीतच राहतात. फ्रेडोने भावाच्या शत्रूंना मदत केली हे आता उघडं पडलंय. मायकेल, म्हणजे पचिनो, त्याला जाब विचारायला आलाय. मायकेल ताठ, आणि फ्रेडो एका मागे कललेल्या आरामखुर्चीत जवळपास आडवा. रागावायला तरी माणसाला सरळ बसता यायला हवं. या खुर्चीत तीही सोय नाही. आपल्याला डावलून धाकट्याच्या हाती सगळं दिलं गेलं, आपण मोठे असताना आपल्याला पोराटोरांची कामं सांगितली गेली, आपण मूर्ख नाही, आपल्यालाही कळतं, आपल्यालाही मान हवा होता, हे सगळं तो ओरडून सांगतो. ओरडताना अंग उसळतं, हात हवेत जातात, आणि खुर्ची त्याला पुन्हा मागे खेचते. आवाज चढत जातो तसतसा तो माणूस लहान होत जातो.

दुसऱ्या कुणा नटाने इथे आपल्याला रडवलं असतं. कझाल दया मागत नाही. फ्रेडोला दया नकोच आहे, त्याला हक्क हवाय, आणि तो इतक्या भाबड्या, इतक्या चुकीच्या रीतीने मागतोय की बघणाऱ्याला लाज वाटावी. आपण मान खाली घालतो, कारण हे गाऱ्हाणं आपण ऐकलेलं असतं. वाटणीच्या वेळी, तेराव्याच्या दुपारी, कुणा काकाच्या तोंडून. त्या काकाचं ऐकताना घरातल्या शहाण्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलेलं असतं. कझालने तो काका कधी शहाण्यांच्या बाजूने पाहिला नाही. दुबळ्या माणसाची भूमिका करताना नट हळूच डोळा मिचकावतात, ‘मी असा नाही हं’ असं कुठेतरी सुचवून ठेवतात. कझालने ती पळवाट ठेवली नाही. फ्रेडो जेवढा बावळट तेवढाच तो बावळट, फ्रेडो जेवढा क्षुद्र तेवढा क्षुद्र.

याच चित्रपटात त्याच्या आधी हवानाच्या एका कॅफेत दोघे भाऊ बसतात. ऊन आहे, रस्त्यावर वर्दळ आहे. फ्रेडोला बनाना डायकिरी हवीय, तिला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात असं तो मायकेलला विचारतो. मायकेल सांगतो, बनाना डायकिरीच. एवढ्याशा गोष्टीने तो खूश होतो. मग बोलता बोलता सांगतो, की आई चिडवायची, तू माझा नाहीसच, तुला जिप्सींनी दारात टाकलं होतं. आपल्याकडच्या आया ‘तुला बोहारणीकडून घेतलंय’ म्हणतात तेच हे. सगळ्याच भावंडांना कधी ना कधी म्हणतात, आणि सगळी विसरतात. एखादाच विसरत नाही. कझाल हे वाक्य विनोद म्हणूनच सुरू करतो आणि हसतही राहतो; फक्त हसू चेहऱ्यावर थोडं जास्त वेळ रेंगाळतं, आणि तेवढ्यात आपल्याला कळतं की या माणसाने ते खरं धरलंय. आपण असेच निवांत आधी कधी का बसलो नाही, असंही तो धाकट्याला विचारतो. गद्दारी तोवर करून झालेली असते. मायकेलला अजून ठाऊक नसते. त्या दुपारची माया मात्र अस्सल असते, आणि या दोन्ही गोष्टी एकाच चेहऱ्यावर एकाच वेळी नांदतात. त्यासाठी त्याने केलेलं काहीच दिसत नाही. हे कसं केलं, हे मला अजून उलगडलेलं नाही.

आपल्या पडद्यावर ही गोष्ट रामगोपाल वर्माच्या ‘सरकार’मध्ये आली, 2005 साली, मुंबईतल्या नागरे कुटुंबात. तिथला विष्णू के. के. मेननने ताकदीने केला, पण तो उद्दाम आणि धगधगता आहे; त्याला संपवताना धाकट्या भावाचा हात कापत नाही आणि आपलाही जीव गलबलत नाही. भाऊबंदकी आपल्या रक्तात आहे असं आपणच म्हणतो. पण आपल्या कथांमधला फितूर भाऊ बहुधा मत्सराने पेटलेला असतो. नुसता केविलवाणा, कुणीतरी जेवायला बोलवावं म्हणून फितूर झालेला भाऊ आपण फारसा लिहिला नाही.

फ्रेडोला शेवटी सरोवरात होडीतून मासे धरायला नेतात. गळ टाकताना ‘हेल मेरी’ म्हटलं की मासा लागतो, ही त्याची लहानपणची युक्ती. ती त्याने पुतण्याला शिकवलेली असते. पुतण्याला कुणीतरी हाक मारून परत बोलावतं. होडीत उरतात तो आणि मायकेलचा माणूस. फ्रेडो प्रार्थना म्हणू लागतो, मासा लागावा म्हणून.

‘डॉग डे आफ्टरनून’मधला सॅलही असाच सांगितलेलं ऐकून मरतो. ब्रुकलिनमध्ये 1972 च्या ऑगस्टमध्ये खरोखर पडलेल्या एका बँक दरोड्यावरचा तो चित्रपट. खरा सॅल अवघा अठरा वर्षांचा पोरगा होता आणि कझाल चाळिशीच्या उंबरठ्यावर. दिग्दर्शक सिडनी लुमेटला आधी हे पटेना. पचिनोने हट्ट धरला. कझाल आला, आणि सॅलचं वय हा प्रश्नच उरला नाही. लांब सरळ केस, सूट, हातात बंदूक, आणि चेहऱ्यावर असं काही की हा माणूस आज परत जाणार नाही हे त्याला एकट्यालाच कळलंय. पचिनो त्या चित्रपटात आकाशपाताळ एक करतो, रस्त्यावरच्या गर्दीला नाचवतो, फोनवर फोन करतो. सॅल आत बसून असतो. सुटून कुठल्या देशात जायचं, असं पचिनो त्याला विचारतो. सॅल विचार करतो, नीट, प्रामाणिकपणे विचार करतो, आणि म्हणतो, वायोमिंग. वायोमिंग हे अमेरिकेतलंच एक राज्य. हे उत्तर संहितेत नव्हतं, कझालने ते ऐन वेळी दिलं, आणि लुमेटला हसू आवरताना पुरेवाट झाली. प्रेक्षकही हसतो. सॅल हसत नाही. त्याला खरंच वाटतंय की वायोमिंगला गेलो तर बरं होईल.

त्याच बँकेत ओलीस ठेवलेल्या एका बाईला तो सिगरेटवरून बोलतो. शरीर हे देवाचं मंदिर आहे, असलं काहीतरी. कॅन्सरची गोष्टही निघते. कझाल स्वतः सिगरेटवर सिगरेट ओढणारा होता. हा प्रसंग मला आता नुसता प्रसंग म्हणून पाहता येत नाही, आणि त्यात दोष चित्रपटाचा नाही.

विमानतळाकडे जाताना गाडीत पुढे बसलेला एफबीआयचा माणूस सॅलला सभ्यपणे सांगतो, बंदुकीची नळी वर धर, खड्डा आला तर चुकून गोळी सुटायची. सॅल धरतो. त्याला ते पटतं. कुणाला उगाच इजा नको. त्या पटण्यातच त्याचा जीव जातो.

‘द कॉन्व्हर्सेशन’बद्दल थोडक्यात. तिथे तो स्टॅन, चोरून संभाषणं टेप करणाऱ्या हॅरी कॉलचा मदतनीस. जीन हॅकमनचा हॅरी कुणाला काही विचारत नाही, स्टॅन सारखा विचारतो. ही दोघं कोण, काय बोलताहेत, कशाबद्दल? साधं मानवी कुतूहल. हॅरी त्याच्यावर खेकसतो. स्टॅन मग दुसऱ्याकडे नोकरी धरतो. छोटी भूमिका, पण चित्रपटातली एकमेव मोकळी खिडकी तीच.

लुमेट म्हणत, या माणसाच्या आत एक खोल दुःख होतं आणि ते कुठून आलं ते आपल्याला कधी कळलं नाही. मला वाटतं ते न शोधणंच बरं. नटाच्या चेहऱ्यावरची उदासी पाहून त्याच्या बालपणात हात घालायची आपल्याला खोड असते. कझालच्या मित्रांनी सांगितलेला माणूस तर चांगला रसिक आहे. निवांत जेवणारा, फोटो काढण्यात तासन्‌तास रमणारा, यंत्र हातात आलं की त्याच्या आत काय आहे ते पाहणारा. दुःख त्याला कामापुरतं काढता येत होतं, असंही असू शकतं. तीही कलाच.

1976 च्या उन्हाळ्यात सेंट्रल पार्कमधल्या उघड्या रंगमंचावर शेक्सपिअरचं ‘मेजर फॉर मेजर’ झालं. कझालकडे अँजेलो, कायद्याचा काटेकोर रखवालदार, जो भावाच्या प्राणांची भीक मागायला आलेल्या एका साध्वीकडे तिच्या देहाचीच किंमत मागतो. फ्रेडो आणि सॅलनंतर ही अगदी उलटी भूमिका, हातात सगळी सत्ता असलेल्या माणसाची. साध्वी इझाबेला झाली होती नाट्यशिक्षण संपवून नुकतीच आलेली एक मुलगी, मेरिल स्ट्रीप. रोज रात्री ती त्याच्यासमोर गुडघे टेकायची आणि तो तिला नाडायचा. प्रयोग संपला की दोघे बरोबर जेवायला जायचे. तिथून ते एकत्रच राहू लागले.

पुढच्याच वर्षी निदान झालं. फुप्फुसाचा कर्करोग, पसरलेला. तेव्हा तो लिंकन सेंटरमध्ये ‘ॲगामेम्नॉन’मध्ये काम करत होता; ते नाटक त्याला सोडावं लागलं. ‘द डिअर हंटर’ मात्र त्याने सोडला नाही. दिग्दर्शक मायकेल चिमिनोने त्याचे प्रसंग आधी चित्रित करायचं ठरवलं. निर्मात्या कंपनीला आजाराचं कळल्यावर ती बिथरली, असा नट नको म्हणू लागली. स्ट्रीपही त्या चित्रपटात होती. तो नसेल तर मीही नाही, असं तिने सांगून टाकलं. पुढे तिने हेही सांगितलं, की त्याच्या विम्याचे पैसे रॉबर्ट डी नीरोने भरले. औषधपाण्याच्या खर्चासाठी तिने दूरचित्रवाणीवरच्या ‘होलोकॉस्ट’ मालिकेचं काम घेतलं आणि त्यासाठी तिला कित्येक आठवडे ऑस्ट्रियात राहावं लागलं. परतल्यावर ती त्याच्याजवळून हलली नाही. 1978 च्या मार्चमध्ये तो गेला. वय बेचाळीस. तिच्या नि त्याच्या अखेरच्या तासांबद्दल काही गोष्टी सांगितल्या जातात; त्या छापून आल्या आहेत, ज्याला हव्यात त्याने वाचाव्यात.

‘द डिअर हंटर’मधल्या त्याच्या भूमिकेचंही नाव स्टॅनच. पेन्सिल्वेनियातल्या पोलादाच्या कारखान्यात राबणारे मित्र, एकाचं लग्न, मग तिघांची व्हिएतनामला रवानगी. स्टॅन जात नाही, गावातच राहतो. सतत केस नीट करणारा, आरशात पाहणारा, बायकांच्या बढाया मारणारा, कमरेला एक छोटं पिस्तूल लावून मिरवणारा. आजाराने त्याचं अंग वाळलंय, हे ठाऊक असलं तर दिसतं. कोट जरा सैल वाटतो, कपाळ आणखी उंच. पण त्या माहितीला भूमिकेत त्याने शिरू दिलेलं नाही. मरणाऱ्या नटाकडे करुण होण्याचा केवढा हक्क असतो, आणि हा गृहस्थ शेवटच्या भूमिकेत एक फुशारक्या मारणारा, जरासा हलकट, पोरींवर हात उचलणारा माणूस करतो, तोही मन लावून.

डोंगरात शिकारीला निघायच्या वेळी स्टॅन बूट विसरलेला असतो. दरवेळी विसरतो. डी नीरोच्या मायकेलकडे जादा जोड आहे. स्टॅन मागतो, आणि मायकेल देत नाही. फक्त बुटांचा प्रश्न, पण गाडीभोवती उभे मित्र अचानक गप्प होतात. स्टॅन आधी लाडीगोडी लावतो, मग चिडतो, मग मायकेलला लागेल असं घाणेरडं बोलतो. फ्रेडोने आरामखुर्चीतून मागितलं तेच हा मागतोय, पण आता जवळ कसलाच वारसा नाही, घराणं नाही. थंडीत, बुटांवाचून तो आपला मान मागतो. पुढे युद्धाहून परतलेला मायकेल झोपडीत त्याचं तेच मिरवायचं पिस्तूल हिसकावतो, त्यात एक गोळी ठेवतो आणि त्याच्या कपाळाला लावून चाप ओढतो. गोळी सुटत नाही. कझालचा चेहरा त्यानंतर काय करतो ते पाहावं. थोडा वेळ त्या चेहऱ्यावर कोणीच नसतं.

पुरा झालेला चित्रपट त्याने पाहिला नाही. तो 1978 च्या डिसेंबरात लागला.

न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवेवर शहात्तराव्या रस्त्यापाशी एका छोट्या नाट्यगृहाला त्याचं नाव मिळालं, तेही निम्मं. मॅकगिन-कझाल थिएटर. निम्मं वॉल्टर मॅकगिनचं, तोही नटच आणि तोही अकाली गेलेला. ही वाटणी कझालला पटली असती असं वाटतं. बाकी त्याचं म्हणून जे आहे ते दुसऱ्यांच्या चित्रपटांत आहे.

9 एप्रिल 1979 च्या रात्री लॉस एंजेलिसमध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर जाहीर करायला जॉन वेन आला. अर्धशतकभर अमेरिकेने पुरुष म्हणजे काय ते ज्याच्याकडे पाहून ठरवलं, तो वेन. घोड्यावरचा, न डगमगणारा, ज्याच्या हातून पिस्तूल कधी पडलं नाही असा. पंधरा वर्षांपूर्वी कर्करोगापायी त्याचं एक फुप्फुस काढून टाकलं होतं; आता पोटात कर्करोग होता, अंग निम्मं झालं होतं, आणि अजून दोन महिनेच उरले होते. लोक उठून उभे राहिले. त्याने नामांकनं वाचली, पाकीट उघडलं आणि ‘द डिअर हंटर’चं नाव घेतलं. जॉन वेनच्या कुठल्याही नायकाने शिकारीला जाताना बूट विसरले नसते.